बटव्यातली मुळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला भाषण करणे हे शिकल्यासवरल्या बाईचे काम. मी सातवीपर्यंत शिकलेली, घर सांभाळणारी बाई. परंतु चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, तुम्ही घरी जी तेले, चूर्णे आणि काढे करता त्यांवर चार शब्द बोला. बाकी भाषण आम्ही मानून घेऊ. म्हणून उभी राहिले आहे. मी वैद्य नाही आणि कोणाला औषध सांगायलाही आलेली नाही. घरात औषध करता करता मला जे समजले, तेवढेच सांगणार आहे.

आपले मनमाड हे जंक्शनचे गाव. इथे मुळापासूनची घराणी थोडी आणि रेल्वेच्या पोटावर आलेली बिऱ्हाडे फार. कोणी खानदेशातून आले, कोणी मराठवाड्यातून, कोणी कोकणातून. सिकंदराबादच्या गाडीच्या वाटेने तेलुगू मंडळी आली, गुरुद्वाराच्या आसऱ्याने शीख कुटुंबे राहिली. येताना कोणालाच शेत बरोबर आणता आले नाही, देव्हारा तेवढा आणला. पण भगिनींनो, देव्हाऱ्याच्या जोडीला आणखी एक वस्तू बहुतेक घरांत आली, ती म्हणजे आजीचा बटवा. पुरुषाने नोकरीचा कागद आणला आणि बाईने सुंठ, वेखंड, हिरडा, मायफळ यांच्या पुड्या बांधून आणल्या. ज्या जमिनीवर आपण वाढलो तिचा चिमूटभर अंश त्या पुड्यांत होता. म्हणून बटव्याकडे मी नुसती औषधाची पिशवी म्हणून पाहत नाही. तो आपला सातबारा आहे असे मला वाटते. फरक इतकाच की, त्यावर नाव बायकांचे आहे.

आमच्या घरचा बटवा माझ्या आजेसासूबाईंचा. त्या आसपासच्या पाच-सात घरांच्या बाळंतपणाला जात. माझे लग्न होऊन दीड वर्ष झाले आणि त्या देवाघरी गेल्या. दिवसपाणी आटोपल्यावर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो खणाचा बटवा माझ्यापुढे उघडला. आत पंधरा पुड्या निघाल्या. अकरा आम्हां दोघींना ओळखता आल्या. पिळाची मुरुडशेंग तर लहान मूलही ओळखील. वेखंड वासावरून कळले, काकडशिंगी आकारावरून, सागरगोटा आपला खेळातलाच. पण चार पुड्या तशाच राहिल्या. दोन मुळ्या, एक साल आणि एक काळसर बी. आत्याबाई म्हणाल्या, "सासूबाई ह्या रोज हाताळायच्या, पण आम्ही कधी नाव ऐकलं नाही. त्या मागायच्या आणि आम्ही द्यायचो, 'ती तांबडी पुडी आण' म्हटलं की तांबडी पुडी."

विचार करा, भगिनींनो. वस्तू आपल्या हातात आहे, ज्या बाईने ती वाळवून ठेवली तिच्या बोटांचा वास अजून फडक्याला आहे, आणि वस्तूचे नाव मात्र गेले. नाव गेले म्हणजे गुण गेला, प्रमाण गेले, ती कुठे उगवते ती जागाही गेली. माणूस गेल्यावर रडता तरी येते. असे ज्ञान गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण त्याचे तेरावे होत नाही.

त्या चारांपैकी एका बारीक, तपकिरी मुळीची गोष्ट सांगते. आत्याबाईंची एक थोरली जाऊ येवल्याकडे असत. दृष्टी पार अधू झालेली. दिवाळीला त्या आल्या तेव्हा मी ती मुळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी नखाने जरा साल खरवडली, नाकाशी धरली आणि लगेच म्हणाल्या, "अगं, ही उपळसरी!" वास इतका गोड की एकदा घेतल्यावर विसरणे नाही. हिलाच वैद्य लोक सारिवा किंवा अनंतमूळ म्हणतात. उन्हाळ्यात अंगाचा दाह होतो, लघवीला जळजळ होते, तेव्हा ती उगाळून किंवा तिचे सरबत करून देण्याची आपली जुनी रीत आहे. मी विचारले, "ही आली कुठून?" तर म्हणाल्या, "तुझ्या आजेसासू अंकाईच्या पायथ्याला शेळ्या घेऊन जायच्या. तिथं कुपाटीत मिळायची."

पुढच्या श्रावणात आम्ही तिघी-चौघी अंकाई-टंकाईच्या पायथ्याला गेलो. डोंगरावर अगस्ती ऋषींचे स्थान आहे, त्याचे दर्शन घेतले आणि उतरताना कुपाट्या पाहत आलो. उपळसरी सापडली. बारीक तारेसारखी वेल, अरुंद लांबट पान, मधोमध पांढरट रेघ, खोडाला मोडले की दुधासारखा चीक. त्या वेलीजवळ बसले तेव्हा माझ्या मनात आले की, ज्या बाईशी मला जेमतेम दीड वर्ष संसार करायला मिळाला, ती इथे माझ्याच वयाची असताना बसली असेल. ह्याच खडकाळ मातीत तिने खुरपे घातले असेल. पितृपक्षात आपण घास ठेवतो तो श्रद्धेने ठेवतो. पण पूर्वजांची भेट अशी हाताला लागते हे मला त्या दिवशी समजले.

बाकीच्या तीन पुड्यांपैकी साल एका काष्ठौषधीच्या जुन्या दुकानदाराने ओळखली, ती कुड्याची निघाली. दुसरी मुळी आणि ते काळे बी मात्र आजतागायत कोणाला ओळखू आलेले नाही. ते मी एका डबीत वेगळे ठेवले आहे. त्याचा वापर करीत नाही. जे नक्की ओळखता येत नाही ते पोटात घ्यायचे नाही, हा बटव्याचा पहिला नियम.

आता कोणी म्हणेल, दुकानात बाटली तयार मिळते, मग हा खटाटोप कशाला? मी म्हणते, बाटली जरूर घ्यावी. परंतु बाटली घेणारीला फक्त बाटलीची ओळख होते. स्वतः औषध करणारीला झाडाची, ऋतूची आणि सांगणाऱ्या माणसाची ओळख होते. एक उदाहरण देते.

निर्गुडीचे तेल आपल्यापैकी पुष्कळजणी गुडघ्यांना लावतात. ते घरी करायचे तर माप जुन्या शास्त्राचेच आहे: वाटलेला पाला एक भाग, तेल चार भाग आणि रस सोळा भाग. आपल्या भाषेत, पाव वाटी वाटलेला पाला, एक वाटी तिळाचे तेल आणि चार वाट्या पाल्याचा रस. रस पुरेसा निघत नसेल तर पाल्याचा काढा चालतो. सर्व जाड बुडाच्या पातेल्यात घालून मंद आचेवर ठेवावे आणि हलवत राहावे. घाई करू नये. तेल झाले हे कसे ओळखावे? तळाचा गाळ दोन बोटांत चोळला तर त्याची वात वळते. तीच वात विस्तवावर धरली तर तडतडत नाही, कारण पाणी आटलेले असते. आणि तेलावर फेस येतो. ह्या तीन खुणा मला आत्याबाईंनी चुलीपुढे बसवून शिकवल्या. पुढे एका वैद्यबुवांकडून कळले की शेकडो वर्षांपूर्वीच्या शार्ङ्गधर संहितेत अशाच खुणा दिलेल्या आहेत. आत्याबाईंना सही करण्यापुरतीही अक्षरे येत नाहीत. म्हणजे ग्रंथ पाठशाळेतून आला, आणि तेच ज्ञान चुलीचुलीवरूनही आले. दोघांची गाठ आमच्या पातेल्यात पडली.

काढ्याचेही तसेच. एक भाग भरड, सोळा भाग पाणी, भांड्यावर झाकण न ठेवता मंद आचेवर आटवून आठवा भाग उरवायचा, हे ग्रंथातले माप. चूर्ण करायचे तर वस्तू आधी सावलीत वाळवायची, मग कुटून वस्त्रगाळ करायची. कडक उन्हात पाला करपतो, वास उडतो. आणि पाला खुडायला जाण्याच्या आदल्या दिवशी झाडाला हळदकुंकू वाहून, अक्षता ठेवून "उद्या तुला न्यायला येते" असे सांगून यायची आपली रीत. लोक हसतात. मला त्यात एक शहाणपण दिसते. आदल्या दिवशी जाऊन आलेली बाई झाड नीट पाहते, त्याला किती पाला आहे, किडीने खाल्ला आहे का, फुलोरा आहे का, हे तिला कळते. आणि ज्याला निमंत्रण दिले त्याला मुळासकट उपटून आणायला हात धजत नाही. मुळीच हवी असेल तर एक बाजू खणायची, दुसरी मातीत ठेवायची. सगळे ओरबाडून आणले तर पुढच्या वर्षी निमंत्रण कोणाला देणार?

खरे म्हणजे आपल्या सणांनीच आपल्याला ही ओळख लावून दिली आहे. पाडव्याला कडुनिंब, वटपौर्णिमेला वड, गणपतीच्या पत्रीत आघाडा, माका, शमी, दूर्वा, दिवाळीला उटणे, कार्तिकात आवळीखाली जेवण. बारा महिन्यांचे हे झाडांचे पुस्तकच आहे, आणि ते पायांनी चालून वाचायचे असते. आता पत्रीची जुडी बाजारात बांधून मिळते. तिच्यात पुष्कळदा कुठलाही पाला असतो, आणि आपणही न पाहता वाहतो. देव रागावत नाही; परंतु आपल्या मुलींना आघाडा कोणता आणि माका कोणता हे कळत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः उभी आहे ती सांगते. ती जरा अवघड आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला घरी आली. आत्याबाईंनी महिनाभर आधीपासून सहाण घासून ठेवली होती. बाळगुटीच्या वस्तू निवडून, पुसून पुडीत बांधल्या होत्या. दवाखान्यातून सुटी मिळताना सिस्टरबाईंनी सांगितले, "सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला काही द्यायचे नाही. पाणी नाही, गुटी नाही. आणि मध तर वर्षभर चाटवायचा नाही." मुलीने घरी येऊन आजीला तसे सांगितले. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. सहाण उचलून कोनाड्यात ठेवली आणि दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "माझी पाच पोरं ह्या गुटीवर वाढली. मी आता पणतवंडाला विष देते का?"

भगिनींनो, काय उत्तर द्यावे? सिस्टरबाईंचे म्हणणे बरोबर होते. मधात कधी कधी असे जंतूबीज असते की मोठ्यांना त्याचे काही होत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून घातक ठरते. सहाण आणि पाणी कितीही स्वच्छ म्हटले तरी तान्ह्याच्या पोटाला त्यातून बाधा होऊ शकते. तान्ह्याला वेखंड पोटात देण्याविषयीही डॉक्टर आता सावध करतात. आणि आत्याबाईंची मायाही खोटी नव्हती. गुटी उगाळणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने बाळाला घराण्यात घेणे होते. त्यांच्या सासूने ती उगाळली, तिच्या सासूने उगाळली. ती साखळी आपल्या हातून तुटते आहे, असे त्यांना वाटले.

मी त्यांना म्हटले, "आत्याबाई, बाळाची आई कोण सांभाळणार? तिचं औषध तर तुमच्याच हातचं आहे." मग त्या उठल्या. आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, अंगाला लावायचे तेल, सगळे त्यांच्या देखरेखीखाली झाले. मुलीचे दूध चांगले राहिले, आणि ते दूध आपल्या लाडवांचे आहे असे त्या आल्यागेल्याला सांगत. बाळ निजले की त्या मुलीला जवळ बसवून सहाणेवर एकेक वस्तू उगाळून दाखवीत, ह्याचे किती वेढे, त्याचे किती, कोणती वस्तू जास्त झाली तर काय होते. आणि मुलगी ते वहीत उतरून घेई. गुटी बाळाच्या पोटात गेली नाही, परंतु गुटीचे ज्ञान बाळाच्या आईपर्यंत गेले. साखळी तुटली नाही. तिचा फक्त एक दुवा बदलला.

माझे म्हणणे एवढेच. पूर्वजांचा मान राखायचा म्हणजे त्यांनी केले ते सगळे डोळे मिटून करायचे असे नव्हे. त्यांनीही डोळे उघडे ठेवूनच हे ज्ञान गोळा केले होते. आज त्या असत्या आणि मधाची गोष्ट त्यांना कळली असती, तर मध बंद करणारी पहिली बाई आमच्या आजेसासूबाईच असत्या.

बटव्याची हद्द आपण ओळखली पाहिजे. सर्दी-पडसे, साधा खोकला, अपचन, अंगदुखी, खरचटणे इथपर्यंत बटवा. साप चावला तर मंत्र नको आणि पाला नको, तडक सरकारी दवाखाना. सापाच्या विषावरची लस आपल्या मुंबईच्या हाफकिनमध्ये वर्षानुवर्षे तयार होत आली आहे, ती तिथे टोचतात. कुत्रे चावले तर जखम साबणाच्या पाण्याने भरपूर धुऊन लगेच इंजेक्शन. कावीळ "उतरवून" घेण्यात दिवस घालवू नयेत. छातीत कळ आली तर ओव्याचा फक्का मारून बसू नये. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय काढा सुरू करू नये. आणि गर्भार बाईने अडुळसा पोटात घेऊ नये.

गुळवेलीचे उदाहरण ताजे आहे. 2020 साली करोनाची साथ आली तेव्हा गावोगावी गुळवेलीवर लोक तुटून पडले. कडुनिंबावरच्या वेली बुंध्यापासून ओढून नेल्या. पुढे 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी लिहिले की, गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झालेली दिसली. त्यावर सरकारच्या आयुष खात्याने सांगितले की, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गफलत होऊ शकते, तेव्हा ओळख पक्की करावी. दोन्हींतून आपण बायकांनी घ्यायचा धडा एकच. ओळख पक्की हवी, प्रमाण थोडे हवे, आणि रोज उठून महिनोन्‌महिने पीत राहायचे नाही. गुळवेलीचे पान बदामाच्या आकाराचे, खोडावरची साल कागदासारखी सुटते, खोड आडवे कापले की आत चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा दिसतात, आणि वरून दोऱ्यासारखी मुळे लोंबतात. ह्या खुणा जुन्या बायका बोट ठेवून दाखवीत. मोबाईलवरच्या चित्रावरून वेल तोडू नये.

तशी घरगुती औषधाला डॉक्टरांचीही साथ आहे, बरे का. खोकल्याच्या पुष्कळ औषधांत ब्रोमहेक्झिन नावाचे द्रव्य असते. ते अडुळशाच्या पानातल्या व्हॅसिसीन ह्या द्रव्यावरून घडवलेले आहे. म्हणजे आपल्या कुंपणाचा अडुळसा कारखान्यातून फिरून बाटलीत आला. दुसरे उदाहरण जुलाबाचे. 1971 साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले, बनगावच्या छावणीत पटकीची साथ होती, आणि शिरेतून द्यायचे सलाईन पुरेना. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य माणसे वाचवली. एक लिटर उकळून थंड केलेले पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. ही आता आपल्या बटव्यातली नवी पुडी समजावी. बटवा बंद झालेला नाही, त्यात भर पडते आहे.

आता लिहून ठेवण्याविषयी. 1995 साली अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. म्हणजे आपल्या आज्या जे बोट कापल्याबरोबर करीत, त्यावर दुसऱ्याचा हक्क! आपल्या देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने डॉक्टर रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली हा दावा लढवला आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झाले. कशाच्या जोरावर? संस्कृत, उर्दू आणि हिंदीतल्या जुन्या ग्रंथांत व लेखांत हे आधीपासून लिहिलेले होते, ते पुरावे पुढे ठेवले म्हणून. साऱ्या देशातल्या आज्यांचे म्हणणे खरेच होते. पण कामाला आले ते लिहिलेले होते तेवढे. आपल्या भाषेत शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 'आर्यभिषक्' लिहून घरोघरी वनस्पतींची माहिती पोहोचवली. त्यांनीच 1907 साली आपल्या नाशिकला आयुर्वेदाची देशव्यापी संस्था स्थापन केली. त्यांनी ग्रंथांतले आणि लोकांतले ज्ञान लिहिले. आपल्या गल्लीतले कोण लिहिणार? ते आपणच लिहायचे.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवते.

पहिली, मंडळाची एक वही असावी. एका वनस्पतीला एक पान. वर नाव, आणि नावे सगळी. आपल्याकडे ओवा, पंजाबी भगिनी म्हणेल अजवाइन, तेलुगू भगिनी म्हणेल वामु. आपली कोरफड तिच्याकडे कलबंद. खाली झाडाची खूण, कुठे उगवते, कोणता भाग घ्यायचा, कोणत्या ऋतूत, कसे करायचे, किती द्यायचे. मग दोन ओळी अवश्य: कोणाला देऊ नये, आणि हे कोणी सांगितले. सांगणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव लिहावे. बाजारात मुळ्या घेऊन बसणारी वैदू बाई असो किंवा सुरगाणा-पेठकडची आदिवासी बाई असो, तिने सांगितले असेल तर तिचेच नाव. दुसऱ्याच्या आजीचे ज्ञान आपल्या नावावर खपवू नये. वही वर्षातून एकदा एखाद्या जाणत्या वैद्यांना आणि डॉक्टरांना दाखवून घ्यावी.

दुसरी, प्रत्येकीने दारात पाच झाडे लावावीत. पाण्याचे काय, असे तुम्ही विचारणार हे मला ठाऊक आहे. वागदर्डीचे पाणी आटले म्हणजे मनमाडची बाई काय भोगते हे मी तुम्हांला सांगायला नको. पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळ येण्याचे दिवस आपण काढले आहेत. पिंपे, हंडे, तांबे भरून ठेवले आहेत. परंतु गंमत पाहा, औषधाची पुष्कळ झाडे आपल्यासारखीच आहेत, थोड्या पाण्यावर संसार करणारी. कोरफड, अडुळसा, निर्गुडी, तुळस, आणि कडुनिंबावर चढवलेली गुळवेल. अडुळशाला तर शेळीही तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाला तो चांगला. तांदूळ-डाळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी एवढ्यांना पुरते. साबणाचे पाणी घालू नये. ज्या बिऱ्हाडाला अंगण नाही त्यांनी फुटक्या बादलीत माती भरावी. आपण भाड्याच्या खोलीत राहत असलो तरी बादलीभर मातीचे मालक होऊ शकतो.

तिसरी, दर श्रावणात मंडळाने अंकाईच्या पायथ्याला एक फेरी काढावी. पुढे म्हाताऱ्या, मागे मुली. म्हाताऱ्यांनी दाखवायचे, मुलींनी ओळखायचे. उपटायचे काही नाही. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्याकडे मुलींनी एकेक फांदी नेऊन दाखवावी. डोळ्यांनी दिसत नसेल तर हुंगायला द्यावी. उपळसरी आम्हांला अशीच मिळाली, हे मी सांगितलेच.

आत्याबाई आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्या आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत आणि मी काय काय सांगते इकडे त्यांचे लक्ष आहे. त्यांच्यासारख्या दहा-बारा जणी आपल्या मंडळाच्या आसपास आहेत. एकेकीजवळ पाच-पंचवीस वस्तूंची ओळख आहे. त्या कुठे भाषण करणार नाहीत, कागदावर लिहिणार नाहीत. त्यांच्याजवळ दुपारी अर्धा तास बसून विचारले तरच सांगतील, आणि तेही निवडता-टिपता, कुटता-चाळता सांगतील. म्हणून माझी विनंती आहे की, आज घरी गेल्यावर प्रत्येकीने घरातल्या थोरल्या बाईला एकच प्रश्न विचारावा: "तुमच्या माहेरी ताप-खोकल्याला काय द्यायचे, आणि ते कुठे उगवायचे?" उत्तर येईल ते, जसे येईल तसे, पुढच्या सभेला घेऊन या. वहीचे पहिले पान त्या दिवशी लिहू.